लक्ष्मणराव किर्लोस्कर

लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर (जन्म : गुर्लहोसूर, २० जून १८६९, मृत्यू : २६ सप्टेंबर १९५६) हे मराठी यंत्रनिर्माते, उद्योजक आणि किर्लोस्कर उद्योगसमूहाचे संस्थापक होते. बैलांनी ओढावयाचा लोखंडी नांगर त्यांनी देशी कारखान्यात तयार करून विकला. आज सांगली जिल्ह्यात असलेली किर्लोस्करवाडी ही औद्योगिक वसाहत त्यांनी १९१० मध्ये औंध संस्थानच्या हद्दीत वसवली. पंप, तेलइंजिने व विजेच्या मोटारी यांमुळे किर्लोस्कर हे नाव पुढे देशभर झाले. तथापि लक्ष्मणरावांची स्वतःची कारागिरी मुख्यत्वे दोन पात्यांत दिसते : कडबा कापणाऱ्या यंत्राचे पाते आणि नांगराचा फाळ.

जन्म व कुटुंब

लक्ष्मणरावांचा जन्म तत्कालीन मुंबई इलाख्यातील बेळगाव जिल्ह्यात गुर्लहोसूर या गावी झाला. संगीत नाटककार बळवंत पांडुरंग ऊर्फ अण्णासाहेब किर्लोस्कर हेही याच गावचे व याच घराण्यातले. मूळ घराणे तळकोकणातील किर्लोसी गावचे असल्याने आडनाव किर्लोस्कर पडले. वडील काशिनाथपंत वेदान्ताचे अभ्यासक होते. मुलाने शाळेत शिकून सरकारी नोकरी धरावी, ही त्या काळच्या ब्राह्मण घरातील सर्वसाधारण अपेक्षा होती. लक्ष्मणरावांचे मन मात्र पुस्तकी अभ्यासात फारसे रमले नाही. त्यांना ओढ होती चित्रकलेची आणि यंत्रांची, व या दोन्हींना घरून प्रोत्साहन मिळण्यासारखे नव्हते. थोरले बंधू रामचंद्र ऊर्फ रामूअण्णा यांनी त्यांची बाजू घेतली आणि शिक्षणाचा खर्चही उचलला. पुढे आयुष्यभर या दोन भावांची जोडी एकत्र राहिली. यंत्रे लक्ष्मणरावांनी करावी, माणसे व व्यवहार रामूअण्णांनी सांभाळावे, अशी ती वाटणी होती.

मुंबईतील शिक्षण व नोकरी

चित्रकला शिकण्यासाठी लक्ष्मणराव १८८५ मध्ये मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. सुमारे दोन वर्षांनी त्यांना काही रंगांतला फरक ओळखता येत नसल्याचे, म्हणजे अंशतः रंगांधत्व असल्याचे, लक्षात आले आणि रंगचित्रकार होण्याचा मार्ग बंद झाला. त्यांनी मग यांत्रिक रेखाटनाकडे मोर्चा वळवला. या विषयात रंगांची गरज नव्हती. लागत होती ती अचूक रेषा, प्रमाण, आणि वस्तू आतून कशी असेल हे डोळ्यांसमोर आणण्याची क्षमता.

या कौशल्यामुळे मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये त्यांना साहाय्यक शिक्षकाची नोकरी मिळाली. पगार दरमहा ४५ रुपये होता. संस्थेच्या कार्यशाळेत लेथ, भट्टी, साचे, वाफेचे इंजिन अशी सर्व सामग्री होती. शिकवण्याचे तास संपल्यावर लक्ष्मणराव तेथेच थांबत, यंत्रे उघडून पाहत आणि स्वतःच्या हाताने काम करीत. औपचारिक अर्थाने ते अभियंता कधीच झाले नाहीत. त्यांचे यंत्रशिक्षण झाले ते या कार्यशाळेत व परदेशी तांत्रिक नियतकालिकांतून. काही वर्षांनी बढतीची वेळ आली तेव्हा त्यांना डावलून ती जागा एका अँग्लो-इंडियन व्यक्तीला देण्यात आली. लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली.

बेळगाव : सायकलींपासून कडबा कापणी यंत्रापर्यंत

मुंबईत असतानाच बंधूंचा एक जोडव्यवसाय सुरू झाला होता. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली खरेदी करून बेळगावला पाठवीत. रामूअण्णा त्या विकत, आणि गिऱ्हाइकाला सायकल चालवायला शिकवण्याचे पंधरा रुपये घेत. सायकल ही तेव्हा कित्येक शे रुपयांची चैनीची वस्तू होती. नोकरी सोडल्यावर लक्ष्मणराव बेळगावला आले. दुकानाला दुरुस्तीची जोड मिळाली, काही काळ पवनचक्क्यांची विक्रीही झाली. पण दुसऱ्याने केलेली यंत्रे विकण्यात त्यांना समाधान नव्हते.

स्वतः बनवून बाजारात आणलेले त्यांचे पहिले महत्त्वाचे शेतीयंत्र म्हणजे कडबा कापणीचे यंत्र. ज्वारीचा कडबा आख्खा टाकला तर जनावरे पाने व कोवळा भाग खातात आणि जाड बुडखे पायदळी जातात. बारीक तुकडे केले तर वैरण वाया जात नाही. यंत्राची कल्पना साधी होती. जड चाकाच्या आऱ्यांवर वळणदार पाती बसवायची, चाक हाताने फिरवायचे आणि दातेरी रुळांतून कडबा पुढे सरकवायचा. अवघड भाग पात्याचा होता. वाळलेल्या ताटाची पेरे कठीण असतात. पाते सरळ असेल तर सारा भार एकदम येतो व चाक अडते. वळणदार असेल तर धार ताटावरून सरकत कापते आणि हाताला झटका बसत नाही. पाते व त्यासमोरची पट्टी यांत फट राहिली तर कडबा कापण्याऐवजी दुमडतो. अशी यंत्रे परदेशातून येत होतीच. लक्ष्मणरावांनी ती येथे, येथल्या वैरणीसाठी आणि दुरुस्तीच्या सोयीसह तयार केली. यंत्रे खपली आणि कारखान्याचा पाया घातला गेला.

लोखंडी नांगर

दख्खनमधील पारंपरिक नांगर लाकडी होता. बाभळीसारख्या टणक लाकडाचे खोड, त्याला जोडलेले इसाड, हाती धरायचे रुमणे आणि टोकाला बसवलेला लोखंडी फाळ, एवढी त्याची रचना. फाळ घडीव लोखंडाचा असे. तो झिजला की गावच्या लोहाराकडे नेऊन, तापवून, ठोकून पुन्हा टोकदार करून घ्यायचा; यालाच फाळ शेवटणे म्हणतात. लोहाराला त्याचा मोबदला बलुत्याच्या रूपाने धान्यात मिळे. फाळाचे लोखंडही बऱ्याच ठिकाणी जवळचेच असे. चांदा जिल्ह्यात मूल-सिंदेवाहीच्या परिसरातील लोहारा येथील खनिज प्रसिद्ध आहे, आणि त्या जिल्ह्यात मातीच्या लहान भट्ट्यांत कोळशावर लोखंड गाळण्याची जुनी परंपरा होती. थोडक्यात, लाकडी नांगराच्या मागे सुतार, लोहार व शेतकरी यांची गावातच पूर्ण होणारी एक साखळी उभी होती. लोखंडी नांगराला या साखळीत शिरकाव करायचा होता.

लाकडी नांगर जमीन चिरतो, उलटवत नाही. दोन तासांच्या मध्ये न नांगरलेली पट्टी राहते, म्हणून आडवीउभी नांगरट करावी लागते. काळ्या रानातील हरळी व कुंदा यांच्या काशा खोल जातात आणि लाकडी नांगराने त्या निघत नाहीत. अनेक ठिकाणी माणसे लावून कुदळीने रान खणावे लागे. लोखंडी नांगराचा फाळ जमिनीचा थर तळातून कापतो आणि त्यामागचे वळणदार पाते तो थर उचलून पालथा घालतो. उन्हाळ्यात उलटलेली ढेकळे तापली की काशा वाळून जातात. विलायती लोखंडी नांगर त्या काळी आयात होत होते, पण ते महाग होते आणि त्यांचे सुटे भाग सहज मिळत नसत. लक्ष्मणरावांनी हाच नांगर बेळगावात ओतायचे ठरवले.

पात्याची रचना

नांगराच्या फाळाचा प्रश्न धारेइतकाच पकडीचा असतो. फाळाचे टोक नांगराच्या बुडापेक्षा किंचित खाली झुकलेले असावे लागते. या झुकावामुळे बैल पुढे ओढू लागले की फाळ आपोआप जमिनीत शिरतो व ठरावीक खोलीवर टिकून राहतो. झुकाव कमी पडला तर नांगर वर येतो आणि नांगऱ्याला रुमण्यावर सारा भार टाकावा लागतो. जास्त झाला तर नांगर खोल जाऊन बैल अडतात. असाच थोडा झुकाव बाजूलाही ठेवावा लागतो, नाहीतर नांगर तासातून बाहेर घसरतो. फाळ झिजला की सर्वांत आधी हा झुकाव जातो. म्हणून बोथट फाळाचा नांगर नुसता कापत नाही असे नव्हे, तो जमीन धरतच नाही. बर्फावर चालवायच्या स्केटच्या पात्यालाही मधोमध पन्हळ घासून दोन्ही कडा टोकदार ठेवतात, त्यामागचे कारण याच जातीचे आहे : पाते पुढे सरकावे, पण बाजूला निसटू नये.

दुसरा प्रश्न धातूचा. ओतीव लोखंड कठीण असते, पण ठिसूळ. दगडावर आपटले तर तुटते. घडीव लोखंड वाकते पण तुटत नाही, मात्र लवकर झिजते. इंग्लंडमध्ये रॉबर्ट रॅन्सम यांनी १८०३ मध्ये यावर तोड काढली होती. फाळ ओतताना त्याची खालची बाजू झटकन थंड केली की ती वरच्या बाजूपेक्षा कठीण होते. मग वापरात वरची मऊ बाजू आधी झिजते आणि खालची कठीण कड पुढे राहून फाळाला आपसूक धार येत राहते. पुढे जगभरच्या ओतीव फाळांत हे तत्त्व रुळले. असा फाळ नीट उतरण्यासाठी कच्च्या लोखंडाची प्रत, भट्टीची आच, साच्याची माती आणि थंड होण्याचा वेग या चारही गोष्टी हातात असाव्या लागतात. बेळगावच्या लहानशा कारखान्यात, ओतकामाची परंपरा नसलेल्या कामगारांना हाताशी धरून हे काम करायचे होते.

विक्रीची अडचण

सुमारे चाळीस नांगर तयार झाले आणि ते कारखान्यातच पडून राहिले. पहिला नांगर विकला जाण्यास दोन वर्षे लागली. लोखंडामुळे जमीन विषारी होते, काळी आई नापीक होते, असा शेतकऱ्यांत समज होता. या समजुतीचा उल्लेख लक्ष्मणरावांच्या बहुतेक चरित्रांत येतो आणि तो मागासलेपणाची खूण म्हणूनच येतो. वास्तविक ही समजूत केवळ येथली नव्हती. अमेरिकेत चार्ल्स न्यूबोल्ड यांनी १७९७ मध्ये ओतीव लोखंडाच्या नांगराचे पेटंट घेतले तेव्हा तिकडच्या शेतकऱ्यांनीही लोखंडाने जमीन विषारी होते आणि तण माजते असे म्हणून तो नाकारला होता.

शिवाय शेतकऱ्यांचे सगळेच आक्षेप निराधार नव्हते. नांगर जड होता व त्याला जास्त बैल लागत. ज्याच्याकडे एकच जोडी, त्याला तो निरुपयोगी. पातळ थराच्या रानात खोल नांगरट केली तर खालची कस नसलेली माती वर येते. लाकडी नांगर मोडला तर सुतार दोन दिवसांत जोडून देई. लोखंडी नांगराचा भाग तुटला तर कोणाकडे जायचे? ओतीव फाळ लोहाराला शेवटताही येत नाही, झिजला की नवाच घ्यावा लागतो. गावाबाहेरच्या एका कारखान्यावर कायमचे अवलंबून राहणे हा शेतकऱ्याच्या दृष्टीने खरा धोका होता.

लक्ष्मणरावांचे वेगळेपण येथे दिसते. नांगर घेऊन ते शेतकऱ्यांकडे गेले, प्रत्यक्ष नांगरट करून दाखवली आणि त्यांनी सांगितलेले दोष ऐकून घेतले. विषाच्या शंकेला उत्तर एकच होते, नांगरलेल्या रानात आलेले पीक. फाळाच्या टिकाऊपणाची, वजनाची व सुट्या भागांची तक्रार मात्र कारखान्यातच सोडवावी लागणार होती. त्यानुसार सुधारणा होत गेल्या. झिजणारे भाग वेगळे काढून बदलता येतील व ते वेळेवर मिळतील, याला नांगराच्या किमतीइतकेच महत्त्व आले. पहिले नांगर विकले गेल्यावर जाहिरातीचे काम शेजारच्या रानांनीच केले.

बेळगावातून विस्थापन

धंद्याला गती येत असतानाच बेळगाव नगरपालिकेने कारखान्याची जागा सोडण्याची नोटीस दिली. ठळकवाडी भागात नवी वस्ती वसवण्याची योजना होती व कारखाना त्या क्षेत्रात येत होता. भट्ट्या, यंत्रे, साचे व माल हलवायचा कोठे, हा प्रश्न होता. हाताशी भांडवल नव्हते.

याच सुमारास औंध संस्थानचे अधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी औंधच्या यमाई देवीच्या मंदिरातील सभामंडपाचे काम लक्ष्मणरावांवर सोपवले होते. बाळासाहेब स्वतः चित्रकार होते, आणि चित्रकार होऊ न शकलेल्या या यांत्रिकाशी त्यांचा जुना स्नेह होता. लक्ष्मणरावांची अडचण कळल्यावर त्यांनी आपल्या संस्थानात हवी ती जागा निवडण्यास सांगितले. रेल्वेजवळ असलेली कुंडल रोड स्थानकालगतची बत्तीस एकर जमीन निवडण्यात आली. त्याबरोबर दहा हजार रुपयांचे बिनव्याजी कर्जही मिळाले.

किर्लोस्करवाडी

मार्च १९१० मध्ये कारखाना या माळावर आला. माळ ओसाड होता. निवडुंग, साप, पाण्याची टंचाई आणि जवळ बाजारपेठ नाही, अशा ठिकाणी मूठभर कुटुंबे येऊन राहिली. लक्ष्मणरावांच्या पत्नी राधाबाई यांनी सुरुवातीच्या काळात या कुटुंबांचा सांभाळ केला. रामूअण्णा वसाहतीची व्यवस्था पाहू लागले. शंभूअण्णा जांभेकर, मंगेशराव रेगे, अनंतराव फळणीकर हे प्रारंभीचे सहकारी होते. यांतील कोणाकडेही कारखानदारीची मोठी पदवी नव्हती. रात्रीच्या राखणीसाठी लक्ष्मणरावांनी पूर्वी शिक्षा भोगलेल्या माणसांना कामावर ठेवले. तुकाराम रामोशी हे त्यांपैकी एक. त्या काळच्या दृष्टीने हे धाडस होते. वसाहतीत अस्पृश्यता पाळायची नाही, असा दंडकही त्यांनी घातला.

जमशेदपूरनंतर भारतात आखीव रीतीने वसवलेल्या पहिल्या औद्योगिक वसाहतींत किर्लोस्करवाडीची गणना होते. पुढे रेल्वे स्थानकालाही हेच नाव मिळाले.

प्रसार व मर्यादा

पहिल्या महायुद्धात (१९१४ ते १९१८) विलायती नांगरांची आयात थांबली आणि किर्लोस्कर नांगराची मागणी वाढली. पण युद्धाने दुसऱ्या हाताने अडचणही आणली, कारण कच्चे लोखंड व दगडी कोळसा दोन्ही मिळेनासे झाले. त्यातूनही कारखाना तगला. १५ जानेवारी १९२० रोजी किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड ही कंपनी नोंदवण्यात आली. कालव्यांमुळे उसाखालील क्षेत्र वाढू लागले होते, आणि उसासाठी खोल नांगरट आवश्यक असल्याने लोखंडी नांगराला हक्काचे गिऱ्हाईक मिळाले. दख्खनमध्ये पात्याची बाजू पालटता येणारा नांगर विशेष रुजला. त्यात शेताच्या टोकाला पोचल्यावर पाते दुसऱ्या बाजूला फिरवून त्याच तासाशेजारून परत येता येते, फेरा घ्यावा लागत नाही.

हा प्रसार सर्वत्र सारखा झाला नाही. पूर्व विदर्भातील मूल, सिंदेवाही, गडचिरोली या धानाच्या मुलखात नांगरटीचा हेतूच निराळा आहे. तेथे पावसाचे पाणी बांधीत साठवून माती कालवायची असते, थर पालथा घालायचा नसतो. बांध्या लहान असतात व चिखलात जड नांगर रुततो. अशा ठिकाणी हलका लाकडी नांगर दीर्घकाळ टिकून राहिला. काळ्या कोरडवाहू रानासाठी घडलेले पाते धानाच्या चिखलात उपयोगी पडेलच असे नाही, ही गोष्ट लोखंडी नांगराच्या यशाच्या कथेत बहुधा सांगितली जात नाही.

इतर उत्पादने व उत्तरकाल

नांगरांच्या जोडीला भुईमुगाच्या शेंगा फोडण्याची यंत्रे, उसाचे चरक, रहाट व हातपंप किर्लोस्करवाडीत तयार होऊ लागले. १९२० मध्ये किर्लोस्कर खबर हे पत्रक सुरू झाले. मालाची माहिती गिऱ्हाइकांपर्यंत पोचवणे हा त्याचा हेतू होता. पण संपादक शंकर वासुदेव किर्लोस्कर यांनी त्याचे किर्लोस्कर मासिकात रूपांतर केले, आणि पुढे स्त्री (१९३०) व मनोहर (१९३४) ही मासिकेही निघाली. नांगराच्या जाहिरातीसाठी जन्मलेल्या पत्रकाने मराठी वाचकांत सामाजिक सुधारणेचा विचार रुजवावा, हा मराठी वाङ्मयीन इतिहासातील एक अनपेक्षित योग होय.

लक्ष्मणरावांचे पुत्र शंतनुराव अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे यंत्रअभियांत्रिकी शिकून १९२६ मध्ये परतले. त्यानंतर उद्योगाचा रोख पंप व इंजिनांकडे वळला. हरिहर येथे यंत्रहत्यारांचा कारखाना १९४१ मध्ये निघाला. १९४६ मध्ये पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स आणि बंगळूरला किर्लोस्कर इलेक्ट्रिक या कंपन्या स्थापन झाल्या. या विस्ताराची सूत्रे पुढच्या पिढीकडे होती.

निधन व स्मृती

लक्ष्मणरावांचे निधन २६ सप्टेंबर १९५६ रोजी, वयाच्या ८७व्या वर्षी झाले. त्यांच्या जन्मशताब्दीच्या दिवशी, २० जून १९६९ रोजी, भारतीय टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट प्रसिद्ध केले.